रंगाखालचे चाक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुनी अलॉय व्हील घरच्या घरी रंगवण्याची कृती सांगणारा लेख नुकताच वाचनात आला. लेख सुबोध होता आणि तो वाचून अनेकांना हुरूप आला असेल, यात शंका नाही. परंतु रंग कोणता घ्यावा, किती हात द्यावेत आणि चकाकी कशी आणावी याला त्यात जेवढी जागा मिळाली, तिच्या पावपटही जागा चाकाच्या कोणत्या भागाला रंगाचा थेंबही लागू देऊ नये आणि कोणते चाक मुळी रंगवायलाच घेऊ नये, या दोन गोष्टींना मिळाली नाही. या कामात आधी समजून घ्यायला हवे ते याच दोन गोष्टींत आहे, बाकीचे सरावाने येते, असे माझे मत आहे. मी पेशाने रंगारी नाही, मेकॅनिकही नाही. स्वतःच्या आणि नातलगांच्या गाड्यांची मिळून अकरा चाके मी आजवर रंगवली, त्यांतली पहिली चार पुरती फसली, आणि त्या फसगतीतून जे हाती लागले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हे पत्र. ते लांबले आहे याची मला कल्पना आहे. जागेअभावी काटछाट करावी लागलीच, तर रंगाचा भाग कापावा, नटांचा कापू नये, ही विनंती.

प्रथम धातूविषयी. काही जण अलॉय व्हीलला अजूनही 'मॅग व्हील' म्हणतात, कारण एके काळी शर्यतीच्या गाड्यांना मॅग्नेशियमची चाके असत. आज रस्त्यावर दिसणारी ओतीव चाके मात्र जवळजवळ सगळी ॲल्युमिनियमची असतात. त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि अर्ध्या टक्क्याहूनही कमी मॅग्नेशियम मिसळलेले असते. एवढ्याशा मॅग्नेशियमचे काम मोठे आहे. ओतून झाल्यावर चाक सुमारे ५४० अंश सेल्सियसपर्यंत तापवून काही तास ठेवतात, मग एकदम पाण्यात बुडवतात आणि त्यानंतर १५० ते १७० अंशांच्या आसपास पुन्हा काही तास मुरवतात; या मुरवण्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूभर पसरतात आणि चाकाला खड्ड्यातला दणका सोसण्याचे बळ येते. हेच चाक पुढे २०० अंशांच्या वर बराच वेळ राहिले, तर ते कण वाढून विरळ होतात आणि आलेले बळ उतरते, पण बाहेरून चाक होते तसेच दिसते. म्हणून जुना रंग चटकन निघावा यासाठी चाकावर गॅसची बत्ती फिरवणे हा शुद्ध अविचार आहे. बत्तीखाली तो भाग किती तापला हे डोळ्यांना कळत नाही, कारण ॲल्युमिनियम लोखंडासारखे आधी लाल होऊन इशारा देत नाही. पावडर कोटिंगच्या, म्हणजे रंगाची भुकटी भाजून बसवण्याच्या, भट्टीतही साधारण १८० ते २०० अंशांची उष्णता असते, आणि तिथे वेळ व तापमान काटेकोर पाळले जाते की नाही, हे चाक तिथे देणाऱ्याने विचारायला हवे.

आता कोणते चाक रंगवायला घेऊ नये, याकडे वळतो. वापरलेले चाक हाती आले की आपली नजर दर्शनी बाजूवर जाते. फुटपाथला घासून खरवडलेली कड, उडालेले टवके आणि पिवळी पडलेली चकाकी यांनीच आपण अस्वस्थ होतो. चाकाचा जीव मात्र मागच्या बाजूला असतो. खड्ड्याचा मार बहुधा आतल्या कडेवर बसतो, तिथे धातू आत दबतो, आणि तडा गेला असेल तर तो बऱ्याचदा याच दबलेल्या जागी किंवा आरा जिथून फुटतो त्या बेचक्यात सापडतो. म्हणून रंगाचा फवारणीचा डबा (स्प्रे कॅन) विकत घेण्याआधी चाक टायरमधून काढावे, पाठीमागून साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावे आणि विजेरी अगदी तिरपी धरून आतली भिंत बोट फिरवत फिरवत तपासावी. केसाएवढी रेघ दिसली आणि ती ओरखडा आहे की तडा हे ठरत नसेल, तर तडे शोधण्यासाठी लाल रंगाचे भिनणारे द्रव्य आणि त्यावर मारायची पांढरी फवारणी मिळते. लाल द्रव्य पुसून पांढरे मारल्यावर रेघेतून लाल पाझरले, तर तो तडा समजावा. तडा निघाला की त्या चाकाचा विषय तिथेच संपतो. त्यावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरणे म्हणजे तडा झाकणे, आणि वेल्डिंग केले तर वेल्डिंगच्या आजूबाजूचा धातू तापून वर सांगितलेले मुरवलेले बळ नेमके तिथेच नाहीसे होते. चाक वाकडे असेल, म्हणजे फिरवल्यावर कड एका जागी वरखाली किंवा आतबाहेर होत असेल, तरीही रंगाची घाई करू नये. आधी जाणकाराकडून ते मोजून घ्यावे आणि मग पैसे रंगावर घालायचे की नव्या चाकावर, ते ठरवावे.

चाक धडधाकट निघाले की स्वच्छतेचे काम सुरू होते आणि ते कंटाळवाणे आहे. ब्रेकच्या पॅडमधून आणि डिस्कमधून उडणारे लोखंडाचे तापलेले कण चाकाच्या चकाकीत रुतून बसतात आणि तिथेच गंजतात. साध्या शाम्पूने ते हलत नाहीत. त्यांच्यासाठी मिळणारे द्रव फवारले की थोड्या वेळात चाकावरून जांभळे ओघळ उतरू लागतात, कारण त्यातले रसायन लोखंडाशी संयोग पावून हा रंग धरते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की चाकाचा रंगच उतरतो आहे. वास कुजलेल्या अंड्यासारखा असतो, तेव्हा हे काम उघड्यावर करावे. याच्या जोडीला काही गोष्टी मात्र चाकाजवळ येऊ देऊ नयेत. कॉस्टिक सोडा असलेले द्रव ॲल्युमिनियमला खाते आणि खाताना हायड्रोजन वायू सोडते. चाकावर फेस येतो तो मळाचा आहे असे समजून माणूस खूश होतो आणि प्रत्यक्षात धातूच विरघळत असतो. चाके झटक्यात चमकवणाऱ्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते कातडीवर पडल्यावर लगेच आग होईलच असे नाही, पण आत उतरून हाडापर्यंत इजा करते. बाटलीवर हे नाव दिसले, तर ती बाटली जागच्या जागी ठेवून द्यावी. रंग सोलून काढणाऱ्या द्रवांतले डायक्लोरोमिथेन हेही त्याच पंक्तीतले आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे बंद खोलीत ती तळाशी साचते, आणि तिने माणसे दगावली आहेत. अमेरिकेत २०१९ पासून आणि युरोपीय संघात त्याही आधीपासून असे द्रव घरगुती ग्राहकाला विकता येत नाही. मी स्वतः जुना रंग पॉलिश पेपरनेच घासून काढतो. वेळ लागतो, पण बोटांना चाक समजत जाते.

घासता घासता एक गोष्ट हमखास भेटते, तिचे वर्णन केल्याशिवाय राहवत नाही. चाकाच्या पारदर्शक थराखाली पांढुरक्या, अळीच्या वाटेसारख्या नागमोडी रेषा पुष्कळांनी पाहिल्या असतील. या रेषा वरच्या मळाच्या नसतात. एखाद्या टवक्यातून ओल आणि क्षार आत शिरतात, थराखालचा धातू खात एक बारीक तंतू पुढे सरकतो, त्याचे तोंड आम्लधर्मी राहते आणि मागे पांढरी भुकटी सोडत तो वाट काढत जातो. दमट हवेत त्याला विशेष जोर येतो. माझ्या एका चाकावर नाण्याएवढा डाग होता. १८० नंबरच्या वॉटर पेपरने तो मोकळा करायला बसलो, तर डागाच्या कडेला धड दिसणारा पारदर्शक थर नखाने पापुद्र्यासारखा उचलला गेला, त्याखाली खडूसारखी भुकटी निघाली आणि तिच्याखाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. डाग जिथे संपला असे वाटत होते, तिथून पुढे जवळजवळ दोन बोटे तंतू पसरलेला होता. हा सगळा भाग चकचकीत धातू लागेपर्यंत आणि खड्डे नाहीसे होईपर्यंत घासावा लागतो; वरून नुसता रंग मारला तर तंतूचे काम नव्या रंगाखालीही चालूच राहते आणि काही महिन्यांत तीच नागमोडी रेषा नव्या रंगावर फुगून येते. माझी पहिली चार चाके फसली त्याचे एक कारण हेच होते.

घासण्यासाठी लोखंडी तारेचा ब्रश किंवा स्टील वूल वापरू नये, हेही इथेच सांगतो. लोखंडाचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात, ओल मिळताच दोन धातूंच्या संगतीने गंज धरतात, आणि आपणच नव्या डागांचे बी पेरून ठेवतो. पाणी लावून पेपरने घासले की भुकटी उडत नाही. ॲल्युमिनियमची कोरडी बारीक भुकटी पेट घेऊ शकते, त्यामुळे ग्राइंडरवर लोखंडाच्या ठिणग्या उडत असलेल्या जागी हे काम कधीही करू नये. खरवडलेली कड सपाट करायला ८० ते १२० नंबरचा पेपर, पुढे २४०, ३२० आणि शेवटी ४०० असा क्रम मला मानवला. पायरी गाळली तर खालच्या पेपरचे ओरखडे रंग वाळल्यावर वर उमटतात आणि नेमके कडक उन्हात दिसतात.

खोल खरवड असेल तर गाडीच्या पत्र्याला वापरतात ती दोन भागांची लांबी चालते, पण तिला दर्शनी कडेपलीकडे जागा नाही. टायर जिथे बसतो त्या भागात किंवा आऱ्याच्या मुळाशी लांबी भरणे मला मान्य नाही, कारण तिथे धातूवर ताण येतो आणि लांबी ताण घेत नाही. लांबी उघड्या, खडबडीत केलेल्या धातूवर बसवावी. धातूला चावणारा आम्लयुक्त प्रायमर आधी मारून त्यावर लांबी भरली, तर आम्लामुळे लांबीचे कडक होणे बिघडते. लेथवर दर्शनी भाग कापून चमकवलेली आणि वर केवळ पारदर्शक थर दिलेली, डायमंड कट म्हणतात ती चाके हाताने पूर्ववत होत नाहीत. त्या बारीक गोल रेषा पेपरने निघून जातात आणि परत आणायच्या तर चाक पुन्हा लेथवरच चढवावे लागते, शिवाय दर खेपेस थोडा धातू कमी होतो. घरी असे चाक करायचे, तर ते पूर्ण रंगीत करायचे हे मनाशी ठरवूनच पेपर लावावा. क्रोमचा मुलामा असलेल्या चाकाला तर हातच लावू नये. सुटलेला मुलामा पात्यासारखा धारदार असतो आणि त्याची धूळ छातीत जाणे बरे नव्हे.

आता या पत्राच्या मुख्य भागाकडे येतो. पहिल्या खेपेस मी चाके पुढून, मागून आणि नटांच्या भोकांच्या आतपर्यंत अत्यंत मन लावून रंगवली. कोठे उघडा धातू दिसला की मला ती कुचराई वाटे. रंग चार दिवस वाळू दिला, चाके चढवली, टॉर्कच्या पान्याने, म्हणजे ठरवलेला जोर लागला की टिक असा आवाज करणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे नट आवळले आणि गाडी रस्त्यावर काढली. साधारण ९० किलोमीटर झाल्यावर, काहीही खटकले नसताना, सहज म्हणून पाना लावला. सोळा नटांपैकी एकही नट आपल्या जागी घट्ट नव्हता. पान्याचा टिक असा आवाज येण्याआधी काही नट पाव फेरा फिरले. एक नट काढून पाहिला, तर भोकाच्या उतरत्या बैठकीवरचा रंग मधून पूर्ण पिळून निघून कडेला वळीसारखा साचला होता, थिजलेले मेण साचावे तसा, आणि नटाच्या तोंडावर चंदेरी रंगाचा गोल ठसा उमटला होता. गाडी हलत नव्हती, स्टिअरिंग थरथरत नव्हते, कसलाही आवाज नव्हता. त्या दिवशी मी पाना लावला नसता तर पुढच्या लांबच्या प्रवासात काय झाले असते, याचा विचार मी आजही फार लांबवत नाही.

असे का होते, हे समजले की चूक पुन्हा होत नाही. चाक गाडीला नटांवर टांगलेले असते अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक नट आवळताना बोल्ट रबरासारखा किंचित ताणला जातो, त्या ताणाने चाकाची मागची सपाट बैठक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्या, जुन्या भाषेत तुंब्यावर, प्रचंड जोराने दाबली जाते, आणि त्या दोन पृष्ठभागांमधले घर्षणच चाक जागच्या जागी धरून ठेवते. बोल्टचे हे ताणणे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. प्रायमर, रंग आणि पारदर्शक थर मिळून सहा-सात हातांची जाडीही त्याच मापात येते. मधला रंग उष्णतेने आणि दाबाने सरकला की बोल्टचा ताण तेवढ्यानेच सैल पडतो, नट जराही फिरलेला नसताना. म्हणजे नट जागेवर आहे असे दिसते आणि त्याची पकड गेलेली असते. कारखान्यातून आलेल्या चाकाच्या बैठकीवर कधी कधी पातळ रंग दिसतो, असा आक्षेप एका मित्राने घेतला होता. तो थर किती आणि कशाचा असावा हे कारखान्यात ठरवून, तपासून दिलेले असते, आपल्या डब्यातल्या रंगाबद्दल तसे काहीच ठरलेले नसते.

तेव्हा मागची सपाट बैठक, हबवर बसणारे मधले भोक, नटांच्या उतरत्या बैठका, व्हॉल्व्हचे भोक आणि टायरची कड जिथे हवा अडवते ती पट्टी, या पाच जागा मास्किंग टेपने घट्ट झाकून मगच डबा हलवायला घ्यावा. नटांच्या भोकांसाठी कागदाच्या शंकूच्या पुंगळ्या किंवा मऊ फोमची बुचे चांगली बसतात. हवा अडवणारी पट्टी मात्र झाकण्याआधी बारीक पेपरने साफ करावी, कारण तिथल्या पांढऱ्या गंजामुळेच पुष्कळ जुन्या अलॉयमधून हवा हळूहळू उतरते आणि लोक व्हॉल्व्ह बदलत बसतात. टायर काढायचा नसेलच, तर हवा पूर्ण सोडून टायरची कड खाली दाबावी आणि फटीत पत्त्यांचा जुना जोड गोलाकार खोचत जावा. टेपपेक्षा हे काम नीट होते. हवेचा दाब दाखवणारा सेन्सर आत असेल, तर तो काढून ठेवावा. आतल्या भिंतीला चिकटवलेल्या वजनांच्या जागा खडूने खुणावल्या, तरी नंतर बॅलन्सिंग नव्याने करावेच लागते. चाकाच्या पाठीवर ओतीव अक्षरांत रुंदी, व्यास, ऑफसेट आणि भार यांचे आकडे असतात, जपानी मानकाप्रमाणे केलेल्या चाकांवर जेडब्ल्यूएल ही अक्षरे असतात. ती घासून सपाट करू नयेत, कारण पुढे कोणाला ते चाक आपल्या गाडीला चालेल की नाही हे त्यावरूनच कळणार असते.

रंगाविषयी थोडक्यातच लिहितो, कारण आपल्या लेखात ते आले आहे. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनच्या संयोगाने ऑक्साइडचा पातळ थर क्षणात चढतो आणि साधा रंग त्याला नीट धरत नाही, म्हणून ४०० च्या पेपरनंतर तेलकटपणा घालवणाऱ्या द्रवाने पुसून, पुन्हा हात न लावता, लवकरात लवकर ॲल्युमिनियमचा प्रायमर मारावा. डब्यातली गोळी खुळखुळू लागल्यापासून दोन मिनिटे तरी डबा हलवावा आणि २० ते २५ सेंटिमीटरवरून पातळ हात द्यावेत. ओघळ जवळजवळ नेहमी पहिल्याच हातात सगळे झाकण्याच्या मोहापायी येतात. आधी आऱ्यांच्या बाजू आणि बेचके, मग दर्शनी भाग, हा क्रम ठेवला तर बेचक्यात खरखरीत धूळ साचत नाही. दोन हातांत किती वेळ जाऊ द्यावा हे डब्यावर लिहिलेले असते आणि ते पाळावे; काही रंगांत अर्धवट वाळलेल्या थरावर नवा हात पडला की कातड्यासारख्या सुरकुत्या येतात आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. पावसाळी, दमट दिवशी हे काम काढू नये. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली ओल धरते आणि पारदर्शक थर दुधासारखा पांढुरका होतो. चाक तापते म्हणून इंजिनचा उष्णतारोधक रंग घ्यावा, असा सल्ला हमखास मिळतो, पण असे अनेक रंग भट्टीत किंवा इंजिनच्या उष्णतेत तापल्याशिवाय पक्के होत नाहीत आणि चाक तेवढे तापत नाही. चाकासाठी केलेला रंगच पुरतो.

पारदर्शक थराबाबत मात्र एक गंभीर गोष्ट राहून गेली आहे. साध्या डब्यातला थर ब्रेक ऑइलने आणि पेट्रोलने मऊ पडतो, म्हणून जाणकार दोन भागांचा, हार्डनरसह (थर कडक करणाऱ्या द्रव्यासह) येणारा थर सुचवतात, आणि टिकाऊपणाच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची फवारणी श्वासात गेली तर दम्याचा विकार जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. त्यासमोर कापडी मास्क आणि धुळीचा मास्क दोन्ही निरुपयोगी आहेत. व्यावसायिक रंगारी यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा वापरतात. तो नसेल तर घरी साध्या थरावर समाधान मानावे, तो दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागला तरी चालेल, असे मी माझ्यापुरते ठरवले आहे. साध्या डब्यासाठीही सेंद्रिय वाफा अडवणारे कार्ट्रिज असलेला मास्क आणि मोकळी हवा हवीच, आणि मुले आसपास नसावीत.

चाक हाताला कोरडे लागले म्हणजे रंग पक्का झाला असे होत नाही. त्याला आठवडाभर तरी द्यावा. चढवताना हबवरचा गंज घासून काढावा, नट आणि बोल्टचे आटे कोरडे व स्वच्छ असावेत, त्यांना तेल लावू नये, कारण तेलामुळे टॉर्कच्या त्याच आकड्याला बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. नट आधी हाताने बसवून मग समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळावेत. बहुतेक लहान मोटारींचा आकडा ९० ते १३० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतच पाहावा. पुढच्या ५० ते १०० किलोमीटरनंतर, चाके थंड असताना, पाना पुन्हा लावावा. रंग न लागलेल्या बैठकांवर मला तेव्हा एकही नट सैल सापडलेला नाही.

शेवटी एक तक्रार आणि तिच्या पोटातली विनंती. गेल्या वर्षी मी एका विक्रेत्याकडून वापरलेल्या चार चाकांचा जोड घेतला. पुढून चाके खरवडलेली होती, किंमत त्या मानाने ठरली होती, आणि पाठीमागून मात्र चारही नुकतीच काळी रंगवलेली होती. पुढची बाजू तशीच ठेवून कोणी पाठ का रंगवावी, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. घरी आणून पेपर लावला, तर एका चाकाच्या आतल्या कडेपाशी काळ्या रंगाखाली लांबी निघाली आणि लांबीखाली बोटाएवढा लांब तडा, जो टायर चढवल्यावर कोणालाही कधीच दिसला नसता. वापरलेली चाके विकणाऱ्यांनी ती रंगवण्यापूर्वीच्या पाठीमागच्या बाजूची छायाचित्रे दाखवावीत, आणि घेणाऱ्यांनी ताजी रंगवलेली पाठ हे चांगल्या निगेचे लक्षण न मानता तिथे एकदा पेपर घासून पाहण्याची परवानगी मागावी. आपणही पुढे कधी हा विषय घेतलात, तर कोठे रंग लावू नये याचे एक ठळक चित्र मजकुरासोबत छापावे. विक्रेत्याने पैसे परत दिले आणि चाक परत मागितले, कारण त्याला गिऱ्हाईक तयार होते. मी ते दिले नाही. त्या चाकाचे पैसे वळते करून घ्यायला सांगितले, दोन आरे करवतीने आरपार कापले आणि मगच ते भंगारात टाकले.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक वाचक